सांभाळ करणारे कोणीही नाही

भाचीच्या अधिवास दाखल्यासाठी मी आमच्या भागातल्या महा ई-सेवा केंद्रात बसले होते. बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि आत येणारा प्रत्येक माणूस छत्री मिटता मिटता आधी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं ते सांगत होता. सांगलीत पावसाळ्यात बोलण्याची सुरुवात अशीच होते. लहानशी खोली, लॅमिनेशनच्या यंत्रातून येणारा गरम प्लॅस्टिकचा वास, फरशीवर ओल्या चपलांचा चिखल, भिंतीवर योजनांची रंगीत पत्रकं आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक पिशवी. पिशवीत कागद. माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिची लेक होती. म्हातारीच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या. हळदीच्या गोदामात वर्षानुवर्षं निवडणीला जाणाऱ्या बायकांची नखं अशी होतात. कितीही घासलं तरी तो रंग कडेला राहतोच. निराधार म्हाताऱ्यांना सरकार दरमहा पैसे देतं त्या श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरायला त्या दोघी आल्या होत्या. केंद्रातला मुलगा तिला आक्का म्हणत होता, मीही तेच म्हणते.

मुलगा मनाने चांगला होता. दिवसभर तीच तीच माहिती टाइप करूनही त्याने आवाज चढवला नव्हता. छापील घोषणापत्र त्याने आक्काला वाचून दाखवलं, आणि हे वाचून दाखवणंही सगळीकडे होत नाही. ‘मी असे घोषित करते की, मला उदरनिर्वाहाचे कोणतेही साधन नाही व माझा सांभाळ करणारे कोणीही नाही.’ मग त्याने शाईचं पॅड पुढे केलं. आक्काने अंगठा उचलला आणि मागे घेतला. “आसं कसं म्हनू?” ती म्हणाली. “लेक हुबी हाय की हितं.”

खोलीत कुणीच काही बोललं नाही. लेक ओल्या पदराने पासबुक पुसत होती. तिने वर न बघता म्हटलं, “लिवा वो दादा, काय हुतंय त्येला,” आणि आईचं मनगट धरून अंगठा पॅडवर आणि मग कागदावर टेकवला. नंतर आक्का माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली आणि अंगठा पदराला पुसत राहिली. शाई केव्हाच गेली होती, तरी ती पुसत होती.

घरी आल्यावर दोन घास खाताना मला सारखं तेच दिसत होतं. त्या लेकीने त्या दिवसाचा रोज बुडवला होता. आईला गाडीवर बसवून, कागदांची पिशवी पोटाशी धरून पावसातून आणलं होतं. रांगेत तीच उभी होती, पैसे तिनेच दिले. आणि तिच्याच हाताने, तिच्याच आईच्या अंगठ्याने, तिला कागदावरून पुसून टाकलं गेलं. मुलाच्या दृष्टीने ते फक्त अर्ज पुढे सरकण्यासाठी लागणारं वाक्य होतं. लेकीच्या दृष्टीनेही. आक्काला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून तिने ते वाक्य ऐकलं, आणि ऐकलेल्या वाक्यावर अंगठा द्यायचा म्हणजे शब्द द्यायचा, एवढंच तिला ठाऊक. त्या घोषणापत्राच्या तळाशी आणखी एक ओळ असते: दिलेली माहिती खोटी आढळल्यास माझ्यावर खटला भरला जाईल व मी शिक्षेस पात्र राहीन. तीही त्या मुलाने वाचली होती.

माझे वडील जत तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्या गावात अर्धे लोक कानडी बोलायचे, अर्धे मराठी, आणि बरेचसे दोन्ही एकाच वाक्यात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर ओसरीवर कुणी ना कुणी यायचं. “सर, अर्जी बरीरी,” म्हणजे अर्ज लिहून द्या. वडील लगेच लिहायला घेत नसत. आधी सगळं सांगा म्हणायचे. मग तो माणूस सुरू व्हायचा: विहीर ढासळली कधी, बैल गेला कसा, भावाने बांध कोरला तो कुठल्या साली, बायको माहेरी गेली ती कशावरून. निम्म्याहून जास्त गोष्टींचा अर्जाशी काही संबंध नसे. आई आतून चहा पाठवायची. शेवटी वडील आखीव ताव पुढे ओढून वर ‘मे. तहसीलदारसो यांचे सेवेशी’ लिहायचे आणि त्या सगळ्या बोलण्यातून आठ-दहा ओळी काढायचे. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवायचे. त्या माणसाने “व्हय, असंच हाय” म्हटलं की खाली अंगठा किंवा सही, आणि वरच्या कोपऱ्यात कोर्ट फीचं तिकीट. डिंकाचा तो वास आणि वडिलांच्या आवाजात ऐकू येणारं त्या माणसाचं आयुष्य, हे मला एकत्रच आठवतं.

त्या दिवसांना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. ते अर्ज कचेरीत जाऊन कुठे पडायचे कुणास ठाऊक. पोच नाही, नंबर नाही, विचारायला गेलं की साहेब दौऱ्यावर. जतहून निघालेली माणसं दुसऱ्या दिवशी कचेरी उघडेल म्हणून एसटी स्टँडवर पटका उशाला घेऊन झोपायची. आज अर्जाला टोकन क्रमांक मिळतो, मोबाईलवर मेसेज येतो, आणि २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा याची मुदत बांधली गेली, मुदतीत नाही दिला तर अपील करता येतं. हे मोठंच काम झालं. वडिलांच्या ओसरीवरच्या कितीतरी लोकांना हे मिळायला हवं होतं. पण त्या ओसरीवर एक गोष्ट होती जी केंद्रातल्या पडद्यावर नाही. तिथे माणूस स्वतःबद्दल खरं सांगू शकत होता. ‘लेक बघते, पण तिचंच भागत नाही’ हे वडिलांनी एका ओळीत लिहिलं असतं. पडद्यावर त्या ओळीला रकानाच नाही.

आणि हे एकाच वाक्याचं नाही, हे मला त्यानंतर जाणवत गेलं. आक्काची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी आहे. तारीख माहीत नसलेल्या हजारो माणसांची तशीच पडली आहे. माझ्या वडिलांच्या पिढीतल्या, आणि माझ्याही वर्गातल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन ती तारीख टाकली. आक्का जन्मली ती सुगीत, एवढं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. साल विचाराल तर एखाद्या पुरावरून किंवा दुष्काळावरून ती जवळपास येते. पण पासष्ट वर्षं पूर्ण झाली की नाही हे ठरवणार ती १ जानेवारी, जी तिची नाहीच. नावाचंही तेच. रेशनकार्डावर नुसतं नाव, आधारवर नावापुढे ‘बाई’, पासबुकात नवऱ्याच्या नावाचं आद्याक्षर, आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यात तिसरंच काहीतरी, कारण नोंद सांगायला गेलेल्या पुतण्याला चुलतीचं खरं नाव माहीत नव्हतं. गावात सगळे तिला नवऱ्याच्या नावाने किंवा मुलीच्या नावाने हाक मारत आले. आता त्या सगळ्या बायका एकच आहेत हे सिद्ध करायचं काम तिच्याकडेच आलं आहे.

मग कुणीतरी सांगतं, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करा. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झाला. खरं तर सरकारी कार्यालयात द्यायच्या अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ आहे, आणि ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बहुतेक कामांना प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेली झेरॉक्स चालते. हे दोन्ही निर्णय चांगले आहेत, माणसाचा विचार करून घेतलेले आहेत. पण ते ज्याच्यासाठी घेतले त्याच्यापर्यंत पोचायला वीस वर्षंही पुरलेली नाहीत. कचेरीबाहेरच्या झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला माणूस सांगतो तोच कायदा. आणि पाचशे रुपये म्हणजे आक्काला मिळणार असलेल्या महिन्याच्या पंधराशेपैकी तिसरा हिस्सा, तोही हातात यायच्या आधी गेलेला.

तो अर्ज मी नंतर शांतपणे पुन्हा वाचला. सोबत जोडायच्या कागदांची यादी वाचताना ध्यानात आलं की यातला जवळजवळ प्रत्येक कागद सरकारनेच दिलेला आहे. रेशनकार्ड तहसीलच्या पुरवठा शाखेचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. रहिवासाचा दाखला तिथलाच. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला. आणि अर्जही शेवटी तहसीललाच जाणार. म्हणजे एकाच इमारतीतल्या एका टेबलाला जे माहीत आहे ते दुसऱ्या टेबलाला सांगण्यासाठी, हळद निवडून जगणारी एक बाई रोज बुडवून कागद वाहते आहे. गोदामात खाडा पडला की त्या दिवसाचं काही मिळत नाही, आणि वरचेवर खाडे पडले की मुकादम दुसरी बाई बघतो. हा खर्च कुठल्याच योजनेच्या हिशोबात धरलेला नसतो.

उत्पन्नाचा दाखला हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये. महिन्याला १७५० पडतात. २०२५-२६ मध्ये आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एका माणसाने वर्षात अडुसष्ट दिवस सरकारच्याच कामावर, सरकारच्याच दराने काम केलं की ते घर या मर्यादेच्या वर गेलं. उरलेले जवळपास तीनशे दिवस त्या घराने उपाशी राहायचं, तर ते निराधार. हे कुणालाच शक्य नाही, आणि हे तलाठ्यापासून अर्ज मंजूर करणाऱ्या समितीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दाखल्यावर मर्यादेत बसेल असा आकडा पडतो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं ठरलं आहे पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात, तेही तो आकडा टाकताना कुणावर उपकार करत नसतात किंवा पापही करत नसतात. त्यांना दुसरा मार्ग ठेवलेला नाही. पण उद्या चौकशी लागली तर तो आकडा खोटा ठरतो, आणि तो सांगितला म्हणून अंगठा असतो आक्काचा.

मला राग येतो तो इथे.

प्रामाणिक माणसाला स्वतःबद्दल तीन-चार खोट्या गोष्टी सांगायला लावायच्या, कारण खऱ्या सांगितल्या तर मदत नाही, आणि वर त्याच्याच डोक्यावर शिक्षेची ओळ टांगून ठेवायची. ती भीती आमच्यासारख्यांना कळत नाही. आम्ही खालची बारीक अक्षरं न वाचता सही करतो. आक्कासारखी बाई पंधराशे रुपये सुरू झाल्यावरही वर्षानुवर्षं दबकत असते; गल्लीत सरकारी जीप आली की आत जाते, टीव्ही घेतला तर कुणी बघेल म्हणून त्यावर चादर टाकते. नातवाने नोकरी लागल्यावर घेतलेला टीव्ही.

ह्याच जिल्ह्यात एक वेगळी रीत जन्माला आली होती, म्हणून हे आणखी लागतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार देण्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तीच कल्पना राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तसा कायदा केला. तिची मुख्य गोष्ट अशी होती की गरीब आहेस हे सिद्ध कर असं ती कुणाला म्हणत नव्हती. जो येईल त्याला काम. बहात्तर साली माझी आजी खडी फोडायला जात होती. हाताला फोड, डोळ्यांत कच, वरून ऊन, आणि दुपारी दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी. ती सुकडीची चव तिला मरेपर्यंत आवडली नाही. कामं कष्टाची होती, हजेरीत लबाडी व्हायची, मजुरी लांबायची, हे सगळं ती सांगायचीच. पण तिला कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, किंवा तुझे दीर तुला सांभाळतात का असं विचारलं नाही. ती मुकादमापुढे उभी राहिली, त्याने मस्टरवर नाव लिहिलं. पुढे रोजगार हमी योजनेतही कामाची मागणी नमुना ४ वर द्यायची आणि नमुना ५ ची तारखेसह पोच घ्यायची, पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, एवढीच ती रीत. त्या एका पानात अर्जदाराला स्वतःबद्दल काही लाजिरवाणं लिहावं लागत नसे. म्हाताऱ्या माणसाला खडी फोडायला लावता येणार नाही, हे खरं आहे. पण पुरावा मागण्याऐवजी विश्वास ठेवून सुरुवात करता येते हे विसापूरने दाखवलं होतं, आणि विसापूर आमच्यापासून फार लांब नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना मी काही सांगायला नको. पाणी उतरल्यावरचा वास, गाळ, रस्त्याकडेला पडलेल्या गाद्या आणि पुस्तकं, हे सगळं अजून नाकात आणि डोळ्यांत आहे. पण मला त्यातली एक गोष्ट या विषयाशी जोडलेली आठवते. गच्चीवर, दोऱ्यांवर, गाड्यांच्या बॉनेटवर लोक कागद वाळवत होते. रेशनकार्डं, पासबुकं, शाळा सोडल्याचे दाखले. दागिन्यांआधी कागद. कारण पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा ते लागणार. आणि त्याच आठवड्यात, माणसं अजून पाण्यात असताना, १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत द्यायचे ते दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असलेल्या भागात, असा शासन निर्णय निघाला. लोक चिडले ते धान्याच्या वजनावरून जितके, तितकेच त्या दोन दिवसांवरून. आमच्या ओळखीतल्या एका बाईंच्या घरात पाणी दीड दिवस होतं असा त्यांचा अंदाज. त्यांनी मला विचारलं, “दोन दिवस सांगू का? खोटं तर होणार नाही ना?” छताला लागलेल्या पाण्याची खूण त्यांच्या पाठीमागे भिंतीवर होती आणि त्यांना खोटं बोलण्याची चिंता पडली होती.

माझ्या आईला वडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. नोव्हेंबर आला की तिचा हयातीचा दाखला असतो. आम्ही बँकेत जातो, तिला खुर्ची मिळते, कर्मचारी वही पुढे करतो, तब्येत विचारतो, ती सही करते. तिथे तिच्या वयाची बरीच माणसं भेटतात, म्हणून ती चांगली साडी नेसून जाते. हयातीचा दाखला आक्कासारख्या लोकांनाही दरवर्षी द्यावा लागतो. पण त्यांच्या वाट्याला येतं ते बोटाचं यंत्र. हळदीने, खड्याने, भांड्यांनी झिजलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. यंत्र लाल दिवा दाखवतं, माणूस बोट पुसून, पाणी लावून, दुसरं बोट लावून बघतो. ओटीपी येतो तो नातवाच्या मोबाईलवर, आणि नातू पुण्यात कंपनीत, शिफ्टवर. माझी आई आणि आक्का जवळपास एकाच वयाच्या. दोघींनाही सरकारकडूनच पैसे मिळायचे. माझ्या आईने वडिलांमुळे ते कमावले आहेत असं सगळे मानतात. आक्काने या शहराची हळद आयुष्यभर निवडली, तिचं मात्र ते देणं लागत नाही, ते दान आहे, असं आपण कुठेतरी मनात धरून बसलो आहोत. अर्जाची भाषा तिथूनच येते, असं मला वाटतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त अव्वल कारकून राहतात, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्यापाशी हा विषय काढला तेव्हा मला वाटलं ते कचेरीची बाजू घेतील. त्यांनी घेतलीही, आणि मला ती ऐकायला हवी होती. ते म्हणाले, प्रत्येक रकान्यामागे एक प्रकरण असतं. कुणीतरी नवरा जिवंत असताना विधवा म्हणून पैसे घेतले, कुणी दोन तालुक्यांत नाव लावलं, कुणी मेलेल्या माणसाचे पैसे उचलले. ऑडिटला ते सापडलं की खालच्या माणसाची वेतनवाढ थांबते. मग तो पुढच्या अर्जदाराकडे एक कागद जास्त मागतो, आणि काही वर्षांनी तो कागद नमुन्यातच छापला जातो. “रकाना वाढवायला एक बोगस पुरतो,” काका म्हणाले, “पण कमी करायला कुणी सही करत नाही. उद्या काही झालं तर त्याच्यावर येतं ना.” एका तलाठ्याकडे किती गावं, एका कारकुनाच्या टेबलावर किती योजना, हेही त्यांनी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून लोकांच्या झेरॉक्स तपासणारी माणसं मीही पाहिली आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. लबाडांना रोखायचं असेल तर रोखावं. पण मला एवढं दिसतं की लबाड माणसाला कागद जमवणं सगळ्यात सोपं जातं. अडतो तो ज्याच्याकडे एकच खरा कागद आहे तो.

आणि मनात आणलं तर अर्ज सोपा होतो, हे आपण सगळ्यांनी २०२४ च्या जुलैमध्ये पाहिलं आहे. लाडकी बहीण योजनेत पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या बायकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. अधिवासाचा दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालला. अंगणवाडी सेविका गल्लीत बसून अर्ज भरत होत्या. माझा त्या वेळेला जीव सुखावला होता, निवडणूक तोंडावर होती हे माहीत असूनही. वर्षाने ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, आली. तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी हवा होता, आणि ज्या बाईला नवराही नाही आणि वडीलही नाहीत ती पडद्यापुढे अडकली. मग मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. म्हणजे पुन्हा तेच: जिला गरज सगळ्यात जास्त, तिच्यासाठी रकाना नाही. पण त्या पहिल्या महिन्यांत जे झालं ते झालंच होतं. पिवळं कार्ड हा गरिबीचा पुरेसा पुरावा आहे असं सरकारने एकदा मान्य केलं होतं. आक्काच्या पिशवीत पिवळंच कार्ड आहे.

तिची लेक मला मध्यंतरी मार्केट यार्डात भेटली. अर्ज त्रुटीत निघाला होता. नावाच्या फरकाचं काहीतरी होतं, ते आता नीट केलं, समितीच्या पुढच्या बैठकीला ठेवतील म्हणाले. मग जरा थांबून म्हणाली, “आई सारकी इचारतीया, त्ये कागदावरलं कोन वाचनार हाय?” आक्काला भीती आहे की ते वाक्य समितीत मोठ्याने वाचलं जाईल. तिथे गावातलं ओळखीचं कुणीतरी असेल, आणि गावात बातमी जाईल की म्हातारी म्हणते लेक सांभाळत नाही. जावई काय म्हणेल, त्याच्या घरचे काय म्हणतील. मी म्हटलं, असं कुणी वाचत नाही, पानं नुसती तपासतात. लेकीला ते पटलं. आक्काला सांगते म्हणाली. पण आक्काची भीती खुळी आहे असं मला म्हणवेना. लेकीच्या आधारावरच तर ती जगते. पंधराशे रुपयांसाठी तो आधार दुखावला तर तिचं काय राहिलं?

मी समाजकल्याण खात्याला अर्ज लिहिला आहे. साध्या कागदावर, वडिलांच्या पद्धतीने, आधी सगळं सांगून. जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पाठवते आहे आणि गोदामात काम करणाऱ्या बायकांच्या, काकांच्या, केंद्रातल्या त्या मुलाच्याही सह्या त्यावर घेतल्या आहेत. मागणं फार मोठं नाही. जो दाखला त्याच कचेरीच्या दप्तरात आहे तो अर्जदाराकडून मागू नये, कचेरीने स्वतः काढून जोडावा. बोट उमटत नसेल तर तलाठ्याने किंवा कोतवालाने माणूस समोर पाहून लिहून द्यावं आणि ते मान्य व्हावं. पिवळ्या कार्डावर उत्पन्नाचा दाखला मागू नये, जसा २०२४ मध्ये मागितला नाही. घोषणापत्रातलं ते वाक्य काढून त्या जागी ‘मला कोण आणि किती मदत करते’ असं विचारावं, आणि उत्तरात लेकीचं नाव आलं म्हणून अर्ज बाद करू नये. आणि २१ हजारांची मर्यादा निदान इतकी तरी वाढवावी, की वर्षभर हळद निवडणाऱ्या बाईला आपली मजुरी खरी खरी सांगता येईल.